शौचटाकीतील मृत्यू : कायदा आहे, व्यवस्था नाही

परभणी जिल्ह्याच्या सोनपेठ तालुक्यात मे २०२३ मध्ये एका शेतावरील शौचटाकी उपसण्याचे काम चालू असताना पाच मजूर गुदमरून मरण पावले. मृतांपैकी काही जण परस्परांचे जवळचे नातलग होते. त्यापूर्वी डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईतील गोवंडी भागात एका गृहनिर्माण संस्थेची टाकी साफ करताना तीन कामगार असेच दगावले होते. एक घटना मराठवाड्यातील शेतशिवारातली, दुसरी देशाच्या आर्थिक राजधानीतली. मालक वेगळे, मजूर वेगळे, गाव वेगळे. परंतु अशा बातम्यांचा क्रम मात्र ठरून गेलेला आहे. टाकीचे झाकण उघडले जाते, एक माणूस आत उतरतो, थोड्याच वेळात तो हाकेला ओ देईनासा होतो, त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो आणि दुसऱ्यामागून तिसरा. अग्निशामक दलाचे जवान मृतदेह बाहेर काढतात, दोन दिवस हळहळ व्यक्त होते आणि पुढील बातमी येईपर्यंत विषय मिटतो.

या घटनांना आपण सर्रास ‘अपघात’ म्हणतो. हा शब्द येथे कितपत लागू पडतो, याचा विचार करण्याची वेळ केव्हाच आली आहे. ज्याची पूर्वकल्पना येऊ शकत नाही आणि जे टाळणे मनुष्याच्या हातात नसते, त्याला अपघात म्हणणे सयुक्तिक ठरते. शौचटाकीत उतरणाऱ्या माणसाचे काय होऊ शकते, हे शास्त्राला शतकाहून अधिक काळ माहीत आहे. ते टाळावे कसे, हेही माहीत आहे. आणि ते न टाळणे हा दखलपात्र गुन्हा आहे, असे संसदेने २०१३ साली ठरवून ठेवले आहे. इतके सर्व असूनही माणसे मरत असतील, तर दोष दैवाकडे ढकलता येणार नाही. तो व्यवस्थेत शोधला पाहिजे.

टाकीच्या पोटात काय घडते?

शौचटाकीची रचना साधी आहे. घरातील मैलापाणी टाकीत येऊन संथ होते. जड भाग तळाशी गाळ म्हणून बसतो, तेलकट आणि हलका भाग साय धरावी तसा वर तरंगतो आणि मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात किंवा गटारात जाते. तळाचा गाळ हवेवाचून जगणारे जीवाणू हळूहळू कुजवतात. या कुजण्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निर्माण होतात. यात नवे असे काहीच नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर दिवे लावण्याचा प्रयोग १८९७ सालीच झाला होता. दिवा पेटवणारा हा वायू बंदिस्त जागेत साठला म्हणजे काय करतो, हे समजण्यास फार मोठ्या विद्वत्तेची आवश्यकता नाही.

यांतील सर्वांत घातक वायू हायड्रोजन सल्फाइड होय. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास अत्यल्प प्रमाणातही येतो आणि त्यामुळे वास आला तरच धोका, वास गेला की धोका टळला, असा समज रूढ आहे. हा समज प्राणघातक आहे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे १०० भाग झाले की माणसाची घ्राणशक्तीच बधिर होते. म्हणजे वायू वाढत असतो आणि उतरलेल्या माणसाला मात्र वास नाहीसा झाल्यासारखे वाटते. हेच प्रमाण ५०० च्या वर गेले की शुद्ध हरपू लागते आणि हजाराच्या आसपास एकदोन श्वासांतच माणूस कोसळतो. ओरडण्यास किंवा दोर ओढण्यास सवड मिळत नाही. मिथेन विषारी नसला तरी तो प्राणवायूची जागा घेतो आणि ठिणगी मिळताच पेटतो. साध्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो १० टक्क्यांखाली गेला की माणूस बेशुद्ध होतो आणि ६ टक्क्यांच्या आसपास काही मिनिटांत मरतो.

यासंबंधी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. झाकण काही तास उघडे ठेवले की वायू निघून जातो, असे टाकी उपसून घेणारे आणि उपसणारे दोघेही मानतात. वर साठलेला काही वायू निघून जातो, हे खरे. परंतु पुष्कळसा वायू गाळातच अडकून राहिलेला असतो. फावड्याने किंवा पायाने गाळ ढवळला गेला की तो एकदम उसळून बाहेर पडतो. त्यामुळे उतरताना सुरक्षित भासलेली टाकी काम सुरू होताच मृत्यूचा सापळा बनते. पेटती काडी किंवा मेणबत्ती आत सोडून पाहण्याचा प्रघातही असाच फसवा आहे. ज्योत तेवत राहिली म्हणून हायड्रोजन सल्फाइड नाही असे सिद्ध होत नाही आणि मिथेन असेल तर भडका उडण्याची भीती असते. नाकाला बांधलेला ओला रुमाल किंवा कापडी मुखपट्टी या वायूंना अडवू शकत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे साधन, वायूमापक यंत्र, कमरेला बांधलेला दोर आणि वर उभी असलेली प्रशिक्षित माणसे, एवढे असल्याखेरीज आत पाऊल टाकणे म्हणजे जिवाशी खेळणे होय.

एकामागून एक माणसे का मरतात, याचेही उत्तर येथेच आहे. डोळ्यांसमोर भाऊ किंवा सोबती पडलेला दिसतो तेव्हा विचार करण्यास अवधी नसतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ साली नमूद केले होते की, बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक माणसे दुसऱ्याला वाचवण्यासाठी उतरलेली असतात. महाराष्ट्राने याचे भीषण प्रत्यंतर एप्रिल २०२४ मध्ये पाहिले. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील वाकडी गावी शेण साठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढण्यासाठी एक जण उतरला आणि त्याच्यामागे एकेक करीत घरचीच माणसे उतरत गेली. पाच जण मृत्युमुखी पडले. कमरेला दोर बांधून उतरलेला सहावा मात्र वाचला. ती शौचटाकी नव्हती आणि तेथे कोणी कंत्राटदारही नव्हता. परंतु वायू तेच होते आणि अज्ञानही तेच होते. एका दोराने मृत्यू आणि जीवन यांतील अंतर किती कमी करता येते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

कायद्यांची परंपरा

मैला हाताळण्याच्या प्रथेविरुद्ध बोलणाऱ्यांची आणि लिहिणाऱ्यांची महाराष्ट्रात कधीच उणीव नव्हती. १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धन यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम स्वतः करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली तेव्हा त्यांनी अन्नत्याग केला आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांना उपवासाने साथ दिली. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली तत्कालीन मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. पुढे केंद्रीय पातळीवर मलकानी समिती झाली. समित्यांचे अहवाल आले, शिफारशी झाल्या आणि १९९३ साली कोरड्या संडासांना आणि ते हाताने साफ करवून घेण्याला बंदी करणारा कायदा झाला.

या कायद्यात एक मोठी फट होती. त्याची दृष्टी कोरड्या संडासांपुरती मर्यादित होती. गटारे आणि शौचटाक्या त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. देशात कोरडे संडास जसजसे कमी होत गेले आणि पाण्याचे संडास वाढले, तसतसा धोका डोक्यावरील पाटीतून जमिनीखालच्या टाकीत गेला. ही उणीव २०१३ च्या कायद्याने दूर केली. संरक्षक साधनांवाचून गटारात किंवा शौचटाकीत माणूस उतरवणे हा त्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि पुन्हा गुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. विशेष म्हणजे ही बंदी केवळ नगरपालिकेवर किंवा कंत्राटदारावर नाही. प्रत्यक्षपणे वा अप्रत्यक्षपणे असे काम करवून घेणारी कोणतीही व्यक्ती तिच्या कक्षेत येते. बंगल्याचा मालक आणि गृहनिर्माण संस्थेचा सचिव यांना ‘आम्ही फक्त कंत्राट दिले होते’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

न्यायालयांनीही आपले कर्तव्य बजावले आहे. १९९३ पासून अशा प्रकारे मरण पावलेल्यांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी १० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाखांवर नेण्यात आली. गोवंडीच्या प्रकरणात टाकी खासगी संस्थेची असली तरी मृतांच्या पत्नींना भरपाई देण्याचे उत्तरदायित्व शासनावर आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. आणि तरीही केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि शौचटाक्या साफ करताना देशात ३७७ माणसे मरण पावली. हे नोंद झालेले मृत्यू आहेत. दर महिन्याला सरासरी सहा माणसे, असा हा हिशेब होतो.

येथे शब्दांचा एक खेळही चालतो. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेमुळे कोणाचाही मृत्यू झालेला नाही, असे उत्तर सरकारने संसदेत दिले आहे आणि गटारांतील व टाक्यांतील मृत्यू ‘धोकादायक सफाई’ या वेगळ्या सदराखाली दाखवले आहेत. कायद्याच्या व्याख्यांनुसार हा भेद करता येतो. परंतु व्याख्या बदलल्याने टाकीतील वायू बदलत नाही, आणि त्या टाकीत उतरणारी माणसे कोणत्या वस्त्यांतून येतात, हेही बदलत नाही.

माणूस स्वस्त का पडतो?

कायदा कठोर आहे, न्यायालये जागरूक आहेत, यंत्रे उपलब्ध आहेत. मग अडते कोठे? या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षा बाजाराच्या व्यवहारात सापडते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकवले जाते की, जे काम अधिक कष्टाचे, किळसवाणे किंवा धोक्याचे असेल त्याला मजुरी अधिक मिळते. अॅडम स्मिथने १७७६ साली मांडलेला हा विचार तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु त्यामागे एक गृहीत आहे. ते काम नाकारून दुसरे काम पत्करण्याचे स्वातंत्र्य मजुराला असले पाहिजे. जेथे जन्मानेच माणसाचे काम ठरते आणि अन्य कामांची दारे बंद असतात, तेथे हा सिद्धांत उलटा चालतो. सर्वांत धोक्याचे काम सर्वांत कमी मजुरीत होते. डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते की, जातिव्यवस्था केवळ कामांची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच उतरंडीवर बसवते. केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेखाली गटारे आणि शौचटाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंदणी झाली, तेव्हा त्यांतील सुमारे ९२ टक्के कामगार अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांपैकी असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. त्यांत एकट्या अनुसूचित जातींचे प्रमाण जवळपास ६९ टक्के होते. बाजार सर्वांना समान लेखतो, या विधानाला याहून समर्पक उत्तर सापडणार नाही.

या मजुरीत एक खर्च धरलेलाच नसतो. मैला खेचणाऱ्या गाडीचे भाडे ठरते तेव्हा त्यात डिझेल, चालकाचा पगार, यंत्राची झीज आणि मैला नेऊन टाकण्याचा खर्च येतो. बादली आणि फावडे घेऊन येणाऱ्या माणसाचा दर ठरतो तेव्हा त्याच्या जिवाचा धोका त्यात मोजला जात नाही. तो धोका त्याचे कुटुंब सोसते. यंत्रापेक्षा माणूस स्वस्त आहे, असे आपण म्हणतो त्याचा खरा अर्थ एवढाच की, माणसाच्या किमतीचा मोठा भाग आपण त्याच्या विधवेच्या खात्यावर मांडलेला असतो.

दुसरी बाजू टाकीच्या मालकाची आहे आणि ती अधिक दुर्लक्षित आहे. शौचटाकी साधारणपणे दोन ते तीन वर्षांनी उपसावी, असे तंत्रज्ञ सांगतात. प्रत्यक्षात ती तुंबेपर्यंत, घरात उलटा वास येईपर्यंत किंवा मैला अंगणात येईपर्यंत तिची कोणाला आठवण होत नाही. वेळेवर उपसण्याचा खर्च घरमालकाला आज करावा लागतो. न उपसल्याने होणारे भूजलाचे आणि ओढ्याचे प्रदूषण मात्र सर्वांच्या वाट्याला जाते. अशा स्थितीत प्रत्येक जण खर्च पुढे ढकलणार, हे उघड आहे. ‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही’ असे काही जण अभिमानाने सांगतात. त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, टाकीचा तळ फुटलेला आहे किंवा तिच्यातून मैला सरळ गटारात वाहत आहे.

या दिरंगाईचा परिणाम केवळ प्रदूषणापुरता राहत नाही. दोन-तीन वर्षांचा गाळ पातळ असतो आणि नळीने सहज खेचला जातो. दहा-पंधरा वर्षांचा गाळ दाबून घट्ट होतो. गाडीची नळी वरचे पाणी ओढून घेते आणि खालचा थर तसाच राहतो. मग ‘एक माणूस उतरवून घ्या’ हा सल्ला पुढे येतो. टाकी अनेकदा जिन्याखाली, मोरीखाली किंवा फरशीखाली बांधलेली असते; तिला धड झाकण नसते आणि वायू जाण्यासाठी नळीही नसते. अर्थात माणसाला आत उतरवण्याची गरज त्या दिवशी सकाळी उत्पन्न झालेली नसते. ती टाकी बांधताना आणि नंतर वर्षानुवर्षे टाळाटाळ करताना घडवली गेलेली असते. झाकण उघडले जाते तेव्हा घरमालक घाईत असतो आणि नाक्यावरील मजूर निकडीत असतो. घाई आणि निकड यांच्यात झालेल्या सौद्यात सुरक्षिततेला जागा उरत नाही.

जुलै २०२५ मध्ये संसदेपुढे आलेल्या एका सामाजिक लेखापरीक्षणाने यावर झगझगीत प्रकाश टाकला. आठ राज्यांतील १७ जिल्ह्यांत २०२२ आणि २०२३ मध्ये झालेल्या ५४ मृत्यूंची त्यात छाननी करण्यात आली. त्यांपैकी ४९ जणांच्या अंगावर कोणतेही संरक्षक साधन नव्हते. उरलेल्या पाच जणांकडे हातमोजे होते आणि त्यांतील एकाकडे गमबूटही होते. विषारी वायूसमोर हातमोज्यांचा उपयोग काय, हे वेगळे सांगावयास नको. ५४ पैकी ३८ जण व्यक्तिशः ठरवून आणलेले होते. सरकारी पगारपत्रकावर केवळ पाच होते. म्हणजे ज्या नोकरवर्गावर शासनाची प्रत्यक्ष देखरेख असते, तेथे हे मृत्यू थोडे आहेत. ते मुख्यतः अशा ठिकाणी होतात जेथे एक घरमालक आणि एक रोजंदार मजूर यांच्यात तोंडी व्यवहार होतो आणि त्याची नोंद कोठेही नसते. असा व्यवहार कायद्याच्या नजरेला पडतो तो मृत्यूनंतरच.

आक्षेप आणि त्यांचा विचार

या संदर्भात काही आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, मजूर स्वखुशीने उतरतो, त्याच्यावर कोणी बळजबरी केलेली नसते. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु संमतीला अर्थ येण्यासाठी दोन गोष्टी लागतात : धोक्याची पुरती माहिती आणि नकार देण्याची ऐपत. टाकीत किती वायू आहे हे मालकाला माहीत नसते, मुकादमाला माहीत नसते आणि मजुरालाही माहीत नसते. दिवसाची मजुरी बुडाली तर चूल पेटणार नाही, अशी ज्याची अवस्था आहे, त्याच्या होकाराला संमती म्हणणे ही आत्मवंचना होय. शिवाय कायद्याने संमतीला बचाव म्हणून स्थान दिलेले नाही.

दुसरा आक्षेप अरुंद गल्ल्यांचा. मोठी गाडी वाडीवस्तीत जात नाही, हे खरे आहे. तथापि लहान गाड्या आणि लांब नळ्या उपलब्ध आहेत. घट्ट गाळ पाण्याच्या झोताने वा लांब काठीने बाहेरूनच ढवळून पातळ करता येतो. जेथे तेही अशक्य असेल तेथे पूर्ण साधनांनिशी प्रशिक्षित पथक आणणे हाच मार्ग उरतो. तो खर्चिक आहे म्हणून नाक्यावरचा माणूस उतरवणे याचे समर्थन होऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यंत्रे आली तर या माणसांनी खावे काय? हा प्रश्न सहानुभूतीतून विचारला जातो तेव्हा त्याचा आदर केला पाहिजे. परंतु त्याचे उत्तर धोक्याचे काम टिकवणे हे नसून यंत्राची मालकी आणि त्यावरील नोकरी याच कामगारांकडे देणे हे आहे. दिल्लीत २०१९ साली गटारे साफ करणाऱ्या २०० यंत्रगाड्या दलित उद्योजकांच्या संघटनेच्या सहकार्याने रस्त्यावर आणण्यात आल्या, तो प्रयत्न या दिशेचा होता. ‘नमस्ते’ योजनेतही संरक्षक साधने, आरोग्यविमा आणि गाड्यांसाठी अनुदान यांचा समावेश आहे. अशा योजनांचे यश नोंदणीच्या आकड्यावर मोजता कामा नये. नोंदणी झालेल्यांपैकी किती जण टाकीबाहेर उभे राहून काम करू लागले, हा तिचा खरा निकष आहे.

वाई आणि सिन्नरचा धडा

उपाय नाही असे नाही आणि तो शोधण्यासाठी परदेशी जाण्याचेही कारण नाही. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या दोन नगरपरिषदांनी २०१८ च्या सुमारास एक वेगळा प्रयोग सुरू केला. शहरातील प्रत्येक शौचटाकी साधारणपणे तीन वर्षांतून एकदा, मालकाने मागणी करण्याची वाट न पाहता, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे गाडीने उपसावयाची. काम खासगी कंत्राटदाराकडे असले तरी पैसे त्याला उपसलेल्या टाक्यांच्या संख्येवर मिळतात. घरमालकाला गाडी दारात आल्यावर रक्कम मोजावी लागत नाही. हा खर्च स्वच्छता कर आणि नगरपरिषदेचा निधी यांतून भागवला जातो. उपसलेला मैला ओढ्यात न सोडता प्रक्रिया केंद्रात नेला जातो.

या योजनेचे मर्म तिच्या यंत्रात नाही, तिच्या हिशेबात आहे. घरमालकाने प्रत्येक वेळी रोख पैसे द्यायचे असतील, तर तो दिरंगाई करणार आणि शेवटी स्वस्तात स्वस्त माणूस शोधणार. तोच खर्च सर्वांनी वर्षाकाठी थोडा थोडा कररूपाने भरला, तर टाकी उपसून न घेण्यात कोणाचाच लाभ उरत नाही. गाळ पातळ असतानाच निघतो आणि माणूस उतरवण्याची गरजच मावळते. कचरा उचलणे, पाणी पुरवणे, रस्त्यावर दिवे लावणे ही कामे जशी सार्वजनिक सेवा म्हणून आपण स्वीकारली, तशीच शौचटाकी उपसणे हीदेखील सार्वजनिक सेवा आहे, हे मान्य करण्याचा हा प्रश्न आहे.

याचे महत्त्व पुढील काळात वाढणार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील शहरी कुटुंबांपैकी भुयारी गटाराला जोडलेले संडास ३२.७ टक्के कुटुंबांकडे होते, तर शौचटाकीचे संडास ३८.२ टक्के कुटुंबांकडे. त्यानंतर २०१४ ते २०१९ या काळात स्वच्छ भारत मोहिमेत ग्रामीण भागात १० कोटींहून अधिक शौचालये बांधली गेली. आळीपाळीने वापरायचे दोन शोषखड्डे असावेत, अशी शासनाची शिफारस होती. कारण बंद ठेवलेल्या खड्ड्यातील मैल्याचे कालांतराने निरुपद्रवी खत होते. परंतु गावोगावी लोकांनी मोठ्या टाकीलाच पसंती दिली. टाकी जितकी मोठी तितकी ती उशिरा भरेल, असा त्यामागे विचार होता. उशिरा का होईना, त्या टाक्या भरणार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सहा महानगरांत माणसे उतरवण्यास मज्जाव केला, हे स्वागतार्ह आहे. पण जेथे भुयारी गटार नाही, मैला खेचणारी गाडी नाही आणि प्रक्रिया केंद्रही नाही, अशा तालुक्याच्या गावांचे आणि शहरांच्या वाढत्या उपनगरांचे काय? सोनपेठची घटना महानगरात घडलेली नाही.

तेव्हा शासनाने काय करावयास हवे, हे पुरेसे स्पष्ट आहे. प्रत्येक नगरपरिषदेत आणि मोठ्या ग्रामपंचायतींच्या गटात टाक्यांची नोंदवही, उपसण्याचे वेळापत्रक, गाड्या आणि प्रक्रिया केंद्र असावे. बांधकामाच्या परवान्यासोबत टाकीला योग्य झाकण, वायुनलिका आणि गाडी पोहोचण्याची वाट आहे की नाही, हे तपासले जावे. मृत्यू झाल्यास २०१३ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाणे हा अपवाद न राहता नियम व्हावा. कायद्याचा धाक दंडाच्या आकड्याने बसत नाही. तो दंड खचित होईल या खात्रीने बसतो.

परंतु सर्व भार शासनावर टाकून सुशिक्षित मध्यमवर्गाला मोकळे होता येणार नाही. या व्यवहारात शौचटाकीचा मालक, गृहनिर्माण संस्थेचा सभासद आणि वार्षिक सभेत देखभालखर्चाला कात्री लावा म्हणून आग्रह धरणारा माणूस याच वर्गातला आहे. संस्थेच्या अंदाजपत्रकात टाकी उपसण्यासाठी दर दोन-तीन वर्षांची तरतूद करणे, गाडीखेरीज अन्य मार्गाने काम देण्यास नकार देणे आणि कोणी आत पडलेच तर त्याच्यामागे दुसऱ्याला उतरू न देता तत्काळ अग्निशामक दलाला पाचारण करणे, या गोष्टींसाठी नव्या कायद्याची प्रतीक्षा करावी लागत नाही. शाळांतील विज्ञानाच्या तासाला प्राणवायूचे प्रमाण शिकवले जातेच. घरामागच्या टाकीत ते किती उरते, हेही मुलांना सांगता येईल. वाकडीसारख्या घटनेत ते ज्ञान एखाद्या कुटुंबाला वाचवू शकेल.

मृताच्या वारसाला ३० लाख रुपये देणारा समाज त्या माणसाच्या हयातीत टाकी उपसण्यासाठी गाडीचे भाडे देण्यास का कू करतो, हा या प्रश्नातील सर्वांत अडचणीचा भाग आहे. भरपाईची रक्कम वाढवण्याने समाजाची जबाबदारी वाढते, हे खरे. पण ती रक्कम देण्याची वेळच येऊ नये, अशी व्यवस्था उभारणे अधिक स्वस्त आहे, अधिक न्याय्य आहे आणि वाई-सिन्नरच्या अनुभवावरून शक्यही आहे. शौचटाकीच्या झाकणाखाली काय आहे, हे शास्त्राने सांगितले. त्यात माणूस उतरवू नका, हे कायद्याने बजावले. राहिला आहे तो खर्च वाटून घेण्याचा प्रश्न. तो सुटेपर्यंत प्रत्येक तुंबलेल्या टाकीपाशी कोणा एकाच्या जिवावर इतरांची बचत होत राहील.